अफवेचें मूळ

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोग ओळखला. थोड्याच दिवसांत तो शहरभर पसरला. परंतु त्याच्याहि पुढें धांवत होती ती अफवा.

६ ऑक्टोबर रोजीं म्युनिसिपल कमिशनरांनीं रोग्यांस सक्तीनेंहि इस्पितळांत नेण्याचा हुकूम काढला. घरांत शिपाई शिरावे, आजारी माणसास उचलून न्यावें आणि पुढें बहुधा त्याच्या मृत्यूचीच वार्ता यावी, असा प्रकार सुरू झाला. या मृत्यूंचें कारण उघड होतें. प्लेगवर त्या काळीं खात्रीचें औषध नव्हतें. शिवाय धरपकडीच्या धास्तीनें नातलग रोग्यास लपवून ठेवीत, त्यामुळें तो इस्पितळांत पोहोंचे तो शेवटच्या घटकेस. परंतु हें कारण चाळींतल्या माणसास त्याच्या भाषेंत कोणी समजावून सांगितलें नाहीं. मग त्यानें आपलें कारण शोधलें. डॉक्टर माणसें मारून त्यांच्या देहांतून मोमियाई काढतात, असें लोक बोलूं लागले. मनुष्यदेहापासून असें एक गुणकारी औषध काढतां येतें, ही समजूत जुनीच होती. त्याच महिन्यांत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास डांबर फासलें गेलें होतें. तेव्हां त्या अपमानाचा सूड म्हणून राणीनें मुंबईकरांचीं काळिजें मागविलीं आहेत, अशीहि वदंता उठली. अखेर २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणीकामगार आर्थर रोडवरील इस्पितळावर चालून गेले.

हे कामगार मूर्ख होते, असें म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. अफवेच्या पोटांत बहुधा एक खरा कण असतो. इस्पितळांत गेलेलीं माणसें खरोखरच परत येत नव्हतीं. त्या कणाभोंवतीं भीति गोळा होते. आणि ज्यांनीं खुलासा करावयाचा, त्यांच्यावरच विश्वास नसला, म्हणजे शेजाऱ्याचा शब्द सरकारी जाहीरनाम्याहून वजनदार ठरतो.

पुढें १२२ वर्षांनीं हेंच निराळ्या साधनानें घडलें. २०१८ सालीं मुलें पळविणाऱ्या टोळ्या हिंडत आहेत, असे खोटे संदेश व्हॉट्सॲपवरून खेडोपाडीं पोहोंचले. १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा गांवीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण भिक्षेसाठीं आले होते. गांवाचा बाजारचा दिवस होता. जमावानें त्यांना मुलें पळविणारे ठरवून ठार मारलें. आईबापांची काळजी खरी होती; परंतु तिची किंमत पांच निरपराध माणसांनीं दिली. मंगळवेढ्याकडील त्यांच्या घरांचीं मुलें त्या दिवशीं पोरकीं झालीं. त्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें हिंदुस्थानांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये, अशी मर्यादा घातली.

त्याच वर्षीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या संशोधकांनीं ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळांत पसरलेल्या सुमारें १,२६,००० वार्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोटी वार्ता पुढें पाठविली जाण्याचा संभव खऱ्या वार्तेहून ७० टक्क्यांनीं अधिक, असें त्यांना आढळलें. हा दोष यंत्रांचा नव्हता. पाठविणारीं माणसेंच होतीं. खोट्यांत नवलाई असते. तें वाचून आश्चर्य आणि किळस वाटते, व मन स्वस्थ बसत नाहीं. शिवाय संदेश येतो तो मामाकडून, मित्राकडून, परक्याकडून नव्हे.

तेव्हां साधन बदललें, वेग वाढला. मूळ मात्र तेंच राहिलें. उपायहि मुंबईच्या त्याच इतिहासांत सांपडतो. पुढें पारशी, हिंदू, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं प्लेग-रुग्णालयें उघडलीं. रोग तोच, औषधें बहुतेक तींच. परंतु उशाशीं आपलें माणूस बसूं लागलें आणि इस्पितळाचा धाक ओसरूं लागला. मोमियाईची समजूत कोणा हुकुमानें खोडली गेली नाहीं. आंत काय चालतें, हें लोकांना स्वतःच्या डोळ्यांनीं दिसूं लागलें, तेव्हां तिचा जोर सरला.

म्हणून हातीं आलेला संदेश पुढें धाडण्यापूर्वीं, हें प्रत्यक्ष कोणी पाहिलें, एवढें विचारणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. राईनपाड्याच्या बाजारांत त्या दिवशीं तो एक प्रश्न कोणी विचारला असता आणि जमाव क्षणभर थांबला असता, तर ते पांच जण संध्याकाळीं आपल्या पालावर परतले असते.