शाळेची निवड आणि पदवीची वाट

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात पदवीधर मुलामुलींचा सत्कार होतो, तेव्हा प्रत्येक ज्ञातिबांधवाचे मन भरून येते. परंतु पदवी महाविद्यालयात मिळत असली, तरी तिचा पाया पुष्कळ आधी, माध्यमिक शाळा निवडतानाच घातला जातो. या गोष्टीची साक्ष आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातील मुलगा कितीही हुशार निघाला, तरी त्याच्यापुढे निवड अशी नव्हतीच. हायस्कूल शहरात, आणि शहरात राहावयास छप्पर नाही. गावची शाळा संपली की शिक्षणही संपे. छत्रपती शाहू महाराजांनी हे वर्म ओळखले. १९०१ पासून कोल्हापुरात त्यांच्या आश्रयाने निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली, आणि खेड्यातील मुलांना हायस्कूलची व पुढे राजाराम कॉलेजची वाट खुली झाली.

अशाच एका वसतिगृहात कर्मवीर भाऊराव पाटील राहिले होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले. परंतु त्यांनी पुढे धरलेला क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह, १९४० साली तेथेच हायस्कूल, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. आधी निवारा, मग शाळा, नंतर महाविद्यालय! साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत व श्रम करून शिकत. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे आवर्जून सांगावे, असे आम्हांस वाटते.

आज शाळा पुष्कळ आहेत. पण निवड आपण कशी करतो? इमारत पाहतो, गणवेश पाहतो, शेजाऱ्याचा मुलगा कोठे जातो ते पाहतो. गणित व शास्त्र शिकविणारे चांगले शिक्षक आहेत काय, तेथून गेलेली मुले पदवीपर्यंत टिकतात काय, हे आपण विचारीत नाही. मुलीच्या बाबतीत तर जवळची शाळा तीच चांगली, असे ठरवून आपण मोकळे होतो.

आपली शिष्यवृत्ती कॉलेजच्या दाराशी सुरू होते. तोवर कित्येक मुले वाटेतच गळालेली असतात. तिचा काही भाग आठवीत जाणाऱ्या मुलामुलींच्या प्रवासासाठी व राहण्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. सत्काराच्या हारांत त्यामुळे भरच पडेल.