घरच्या मीडिया सर्व्हरसाठी कोणती लिनक्स डिस्ट्रो निवडाल?

घरात जुना लॅपटॉप किंवा छोटा पीसी पडून असेल, तर त्याचा छान मीडिया सर्व्हर होतो. सिनेमे, गाणी, लग्न-मुंजीचे व्हिडिओ एका जागी ठेवायचे आणि टीव्हीवर, मोबाइलवर पाहायचे. पण त्यावर डिस्ट्रो कोणती टाकायची? माझं थोडक्यात उत्तर: जिच्याकडे दोन-तीन वर्षं फारसं बघावं लागणार नाही ती. माझा सर्व्हर गावाकडे आईबाबांच्या घरी चालतो आणि मी पुण्यात असतो. तिथे अपडेटनंतर काही अडलं, तर बाबांना फोनवर टर्मिनल समजावत बसणं दोघांनाही परवडणारं नाही.

आधी ठरवा: प्लेअर की सर्व्हर?

मशीन थेट एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून फक्त तिथेच बघायचं असेल, तर लिब्रइलेक टाका. ती कोडी चालवण्यापुरतीच बनवलेली आहे आणि रास्पबेरी पायवरही चालते. मात्र तिच्यावर नेहमीसारखी हवी ती पॅकेजेस टाकता येत नाहीत.

घरातल्या अनेक स्क्रीनवर बघायचं असेल, तर जेलीफिनसारखं सर्व्हर सॉफ्टवेअर लागतं. ते मोफत आणि ओपन सोर्स आहे. त्यासाठी खालचे पर्याय बघा.

डेबियन स्टेबल: माझी पहिली पसंती. साधारण तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं एलटीएस. 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून वायफाय वगैरेचं नॉन-फ्री फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं, त्यामुळे पूर्वीची मोठी कटकट संपली.

उबंटू एलटीएस: दर दोन वर्षांनी येते, पाच वर्षं सपोर्ट असतो. मशीन अगदी नवीन असेल तर ही घ्या, कारण नव्या हार्डवेअरसाठी एचडब्ल्यूई कर्नल सहज टाकता येतो.

ओपनमीडियाव्हॉल्ट: डेबियनवरच बेतलेली. डिस्क, शेअर, युजर सगळं ब्राउझरमधून सांभाळता येतं. पण सिस्टिमसाठी वेगळी डिस्क द्यावी लागते, म्हणून एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपला गैरसोयीची.

आर्च: शिकायला उत्तम. पण अपडेट सतत येत राहतात आणि ते करण्याआधी सूचना वाचाव्या लागतात. दूरच्या घरी ठेवायच्या मशीनवर नकोच.

ट्रान्सकोडिंगचं काय?

टीव्हीला फाइलचा फॉरमॅट चालत असेल तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो आणि जुनं मशीनही पुरतं. चालत नसेल तर व्हिडिओ त्याच वेळी बदलून द्यावा लागतो. हे काम नुसत्या सीपीयूवर टाकलं, तर पंखा घरघरतो आणि चित्र अडकतं. इंटेलच्या क्विक सिंकने ते ग्राफिक्स चिपवर जातं. 10-बिट एचईव्हीसी फाइल असतील, तर सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा ग्राफिक्स असलेला इंटेल प्रोसेसर बघा. जेलीफिनच्या युजरला रेंडर ग्रुपमध्ये घातलंय ना, हेही तपासा.

इन्स्टॉल झाल्यावर एवढं कराच

1. लाइट गेली आणि आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, असं सेटिंग बायोसमध्ये असेल तर चालू करा.
2. बाहेरच्या डिस्कच्या एफएसटॅबमधल्या ओळीत नोफेल लिहा. नाहीतर कुणी डिस्क काढली की मशीन बूट होतानाच अडकू शकतं.
3. लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर तो झोपणार नाही असं सेट करा. बॅटरी चांगली असेल तर तीच तुमचा यूपीएस.
4. सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्या.

आणि एक लक्षात ठेवा: सिनेमा पुन्हा मिळेल, आजीचा व्हिडिओ मिळणार नाही. डिस्ट्रो कुठलीही असो, घरच्या व्हिडिओंची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर हवीच.

अजूनही ठरत नसेल, तर डेबियन आणि जेलीफिन टाका आणि सिनेमा बघायला बसा.