आजीचा पाला आणि युरोपातलं पेटंट

आज घरखर्च वाचवायची एक युक्ती, पण इतिहासातून.

सोनाळ्यात आमची आजी ज्वारीच्या कोठीत कडुनिंबाचा वाळवलेला पाला थराथरानं घालायची. "किडा नाही लागत मंग," एवढंच सांगायची. खर्च शून्य. फक्त पाला ओला नको, नाहीतर बुरशी लागते.

कडुनिंबातलं कीडरोधक द्रव्य, अझाडिरॅक्टिन, शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये वेगळं केलं. पुढे १९९४ मध्ये कडुनिंबाच्या तेलानं पिकांवरची बुरशी रोखायच्या पद्धतीचं युरोपीय पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला मिळालं. वंदना शिवा आणि इतरांनी आव्हान दिलं. २००० मध्ये ते रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं.

पण "आमच्याकडे पूर्वीपासून करतात" एवढ्यानं भागलं नाही. कधी, कुठे, कसं, हे सांगणारा साक्षीदार लागला. महाराष्ट्रातल्या एका उद्योजकानं ती साक्ष दिली.

आजी डाळीला राखही लावायची. किती, ते मी कधी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही.

तुमची असेल, तर आजच फोनवर रेकॉर्डिंग करा.