तालीम, जिमखाना आणि कोल्हापूरची एसटी

सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १ ऑगस्ट २००४ ला. पण इथली मुलं विद्यापीठाच्या नावानं त्याआधी कितीतरी वर्षं खेळत होती. फक्त बनियनवरचं नाव बदलत गेलं. दयानंद कॉलेज १९४० साली निघालं तेव्हा मुंबई विद्यापीठ, १९४९ पासून पुणे विद्यापीठ आणि १९६२ नंतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ.

मी कॉलेजात खो-खो खेळले आणि पुढे नोकरीही जिमखान्यातच केली. आता क्रीडासंकुल म्हटलं की लोकांना केवढी तरी इमारत दिसते. आमचा जिमखाना म्हणजे एक खोली. आत फक्कीची पोती, गोळे, भाले, कापूस बाहेर आलेले पॅड आणि भिंतीला टेकवलेले खो-खोचे खांब. सकाळी सहाला खांब रोवायचे, खांबापासून खांबापर्यंत दोरी ताणायची आणि तिच्या कडेनं डब्यातून फक्की सोडत चालायचं. मैदान मुरमाचं. खांबावर सूर मारला की ढोपर सोललंच. उन्हाळ्यात साडेआठनंतर त्या जमिनीवर बसणंच अशक्य, आणि खो-खोत तर आठ जणींना बसावंच लागतं!

खेळाडू कॉलेजनं घडवले असं जिमखान्याच्या फलकांवरून वाटतं. मुलांच्या बाबतीत मला ते अर्धंच पटतं. मुलं तयार होऊन यायची ती तालमीतून. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं आज बाहेरच्यांना गणपतीच्या लेझमीमुळे माहीत असतात. पण लेझीम हा मुळात तालमीतलाच व्यायाम. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती, जोर-बैठका, मुद्गल, करेला. अंग तिथं कमावलेलं असायचं, कॉलेज त्याला ओळखपत्र द्यायचं. गिरण्यांच्या चाळींतली मराठी मुलं, पूर्व भागातली तेलुगू विणकरांची मुलं, कानडी, उर्दू बोलणारी, सगळी एका संघात. चिडली की प्रत्येक जण आपापल्या भाषेत चिडायचा.

आम्हा मुलींना तालमीचा उंबरा बंद होता. त्यामुळे आमच्यासाठी जिमखान्याची ती धुळकट खोली हेच सगळं. मुलींची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९६०-६१ मध्ये कोल्हापूरलाच झाली, म्हणजे मुलींनी खेळायला तोपर्यंत जगाची हरकत उरली नव्हती. हरकत असायची ती घरच्यांची, आणि तीही खेळाला नाही, मुक्कामाला.

कारण विद्यापीठाच्या संघात जायचं तर निवड चाचणी कोल्हापूरला. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत एसटी दिवसभर खडखडत जायची. नाहीतर कुर्डुवाडीला उतरून मिरजेची छोटी गाडी धरायची. तिचा वेग असा की मुलं मधेच उतरून चालायची भाषा करत. एवढं करून रात्री राहायचं कुठं, सोबत बाई कोण, परत कधी, हे वडील विचारायचे. माझ्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी त्या प्रश्नांपाशीच थांबली. तिला बाद करणं आमच्यापैकी कुणालाच जमत नसे.

तशी बाहेरची ओढ सोलापूरला जुनीच. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक झळकावणारे पॉली उम्रीगर १९२६ साली जन्मले इथं. पण नाव झालं मुंबईला जाऊन.

म्हणूनच २००४ च्या विद्यापीठाचं मोल मी इमारतींत मोजत नाही. पुणे रस्त्यावर केगावला जिथं आधी शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, तिथं हे विद्यापीठ उभं राहिलं आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणून त्याची चेष्टाही पुष्कळ झाली: एवढंसं क्षेत्र, एवढीशी कॉलेजं. चेष्टा करणाऱ्यांनी कधी मुलीच्या बापाची परवानगी काढलेली नसावी. क्षेत्र एवढंसं आहे म्हणूनच अक्कलकोटची मुलगी सकाळच्या एसटीनं निवडीला येते आणि दिवेलागणीला घरी असते. मी शेवटची काही वर्षं अशा मुली आणल्या; त्यांच्या घरी मला समजूत घालावी लागली नाही, फक्त परतीच्या गाडीची वेळ सांगावी लागली.

संघात निवड झाली की मात्र पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी परराज्यातही जावं लागतं, आणि मुक्कामाचं घोडं तिथं पुन्हा अडतं.