वसईहून रोमला जाणारा अहवाल

वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे. त्या चर्चलगत त्यांचं कॉलेज होतं. १५४८ मध्ये जेझुइट वसईत आले आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया त्यांच्याकडेच शिकला. १५९७ मध्ये तो नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. ही गोष्ट वसईकरांना पाठ आहे. हे कॉलेज आपला हिशेब वर कसा देई, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जेझुइट संघात प्रत्येक घराने, प्रत्येक कॉलेजने आपला वृत्तांत रोमला कळवायचा असा दंडक होता. सुरुवातीला दर चार महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. वसईचं पत्र आधी गोव्याला जाई, तिथून लिस्बन आणि मग रोम. याखेरीज दर तीन वर्षांनी याद्या भराव्या लागत. कोणाची प्रकृती कशी, शिक्षण किती, बुद्धी आणि विवेक कसा, कोणतं काम जमेल. शिवाय त्या घराचं उत्पन्न आणि कर्ज. आजच्या कॉलेजातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या (आयक्यूएसी) समन्वयकाला हे रकाने ओळखीचे वाटतील.

खरी गंमत पत्राच्या रीतीत आहे. संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने १५४२ मध्येच आपल्या एका सोबत्याला बजावलं होतं: मुख्य पत्र असं लिही की ते कुणालाही दाखवता येईल; एकदा खरडून मग सुधारून पुन्हा लिही. बाकीचं, आतलं, वेगळ्या चिठ्ठीवर, मनात येईल तसं. म्हणजे कौतुकाचा कागद निराळा आणि दुखण्याचा निराळा.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज वसईबरोबर ते कॉलेजही संपलं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं. पुढे कॉलेजची तपासणी म्हणजे विद्यापीठाने पाठवलेली समिती. कॉलेजने स्वतःबद्दल लिहायचं, हा प्रकार परतला तो १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर. १९९४ मध्ये बंगळुरूला राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, स्थापन झाली.

नॅकचा पाया म्हणजे स्वयंमूल्यमापन अहवाल. २०१७ च्या सुधारित पद्धतीत सात निकष कायम राहिले, सुमारे सत्तर टक्के भार आकडेवारीवर गेला आणि तिची पडताळणी त्रयस्थाकडे. कागदपत्रांचे गठ्ठे वाढले. तपासणीला नॅकची पीअर टीम येण्याआधीची रंगरंगोटी तर कोणत्याही प्राध्यापकाला विचारा!

या पद्धतीच्या अहवालात ‘बलस्थानं’ आणि ‘उणिवा’ शेजारीशेजारी लिहायच्या असत, आणि तो संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवायचा असे. ज्या कागदावर श्रेणी ठरणार, प्रवेश घेणारे पालक जो वाचणार, त्यावर कोणता प्राचार्य मनमोकळेपणाने दुखणं मांडेल? उणिवांच्या रकान्यात मग ‘जागा अपुरी’ किंवा ‘संशोधनाला निधी कमी’ अशी निरुपद्रवी वाक्यं उतरत. लोयोलाची दोन कागदांची युक्ती इथे जास्त व्यवहारी वाटते. निदान दुसरा कागद खरा असण्याची शक्यता होती.

एका बाबतीत मात्र नवी पद्धत पुढे आहे. रोमला जाणाऱ्या त्या याद्यांत विद्यार्थ्याचं मत विचारणारा रकाना नव्हता. २०१७ पासून नॅक विद्यार्थ्यांना थेट ईमेलवर प्रश्नावली पाठवू लागली. ती उत्तरं सुधारून पुन्हा लिहिण्याची सोय कॉलेजला नव्हती.