आजारी गिरणी : एका सौम्य शब्दाचा इतिहास

मराठी घरात दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानदार रात्री दुकान ‘वाढवतो’ आणि निघालेला पाहुणा ‘येतो’ म्हणून निरोप घेतो. अशा बोलण्याला इंग्रजीत ‘युफेमिझम’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शुभ बोलणे असा आहे. आपण त्याला सौम्योक्ती म्हणू. वरील उदाहरणांत बोलणारा व ऐकणारा दोघांनाही खरी गोष्ट ठाऊक असते; अमंगळ शब्द तेवढा टाळलेला असतो.

सौम्योक्तीचा आणखी एक प्रकार आहे. करी रोड, लालबाग, परळ या गिरणगावाने तो कायद्याच्या इंग्रजीतून मराठीत उतरताना पाहिला. तो शब्द म्हणजे ‘आजारी गिरणी’.

१९७४ साली केंद्र सरकारने अनेक कापड गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा कायद्याच्या नावातच ‘सिक’ हा शब्द होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे २.५ लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. १९८३ मध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले. त्यानंतर १९८५ च्या कायद्याने आजारी उद्योगाची व्याख्या केली : साचलेला तोटा कंपनीच्या भांडवल व राखीव निधी यांच्या बेरजेइतका किंवा त्याहून अधिक झाला, की कंपनी आजारी.

व्याख्या म्हणून ही नेमकी आहे, कारण तिच्यात मोजमाप आहे. मात्र वैद्य ताप मोजून थांबत नाही, तापाचे कारण शोधतो. येथे कारण विचारलेलेच नाही. यंत्रे जुनी झाली होती, भिवंडीच्या यंत्रमागांचे कापड स्वस्त पडत होते, काही मालकांनी नफा गिरणीत न घालता इतर धंद्यांत वळवला होता, शिवाय संप लांबला होता. ‘आजारी’ म्हटले की हे सारे निसर्गाच्या खात्यावर जमा होते. आजार येतो, तो कोणी आणत नाही!

पुढे या शब्दाला किंमतही आली. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने आजारी किंवा बंद गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट करून दिली. १९९२ साली ‘राष्ट्रीय नूतनीकरण निधी’ स्थापन झाला. कामगारांना नवे कौशल्य शिकवणे हा त्याचा एक हेतू होता. पण बराचसा पैसा ‘स्वेच्छानिवृत्ती’च्या भरपाईवर खर्च झाला. गिरणीच बंद पडत असताना निवृत्तीत स्वेच्छा किती उरते? आज त्या जमिनींवर उंच इमारती उभ्या आहेत, आणि घरांच्या जाहिरातींत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झालेले दिसते. १९८५ चा तो कायदा मात्र २०१६ मध्ये रद्द झाला.

म्हणून सौम्योक्ती वाईटच, असे नाही. ‘बांगडी वाढली’ म्हणणारी आजी कोणाचेही नुकसान लपवत नाही. वर्गात विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रातील असे शब्द जमवायला सांगावेत आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायला लावावेत : या वाक्यातला कर्ता कुठे गेला? काय मोजले आणि काय मोजायचे राहिले? शब्द मऊ केल्याने कोणाचे दुःख हलके झाले, ज्याची नोकरी गेली त्याचे की ज्याने निर्णय घेतला त्याचे?