पत्ता नको, लेबल हवं

गूगलने जून २०१४मध्ये कुबरनेटीस ही कंटेनर सांभाळणारी प्रणाली जगापुढे ठेवली, तेव्हा तिच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये कुणालाच कुठे मज्जाव नव्हता. हा विसराळूपणा नव्हता. गूगलच्या आधीच्या बोर्ग प्रणालीत एका यंत्रावरच्या सगळ्या कामांना मिळून एकच आयपी पत्ता असे आणि पोर्टांची वाटणी करताना दमछाक होई. त्या अनुभवातून शहाणं होऊन नव्या प्रणालीत प्रत्येक पॉडला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला, स्वतःचा आयपी दिला गेला. क्लस्टरमधला, म्हणजे यंत्रांच्या समूहातला, कुठलाही पॉड दुसऱ्या कुठल्याही पॉडशी थेट बोलू लागला.

प्रोग्रामरांची सोय झाली, तशी घुसखोरांचीही. संकेतस्थळाचा दर्शनी पॉड फोडला, की थेट डेटाबेसच्या पोर्टपर्यंत वाट मोकळी.

जुन्या धाटणीची फायरवॉल इथे तोकडी पडत होती. लिनक्सच्या आयपीटेबल्समधले नियम प्रामुख्याने पत्ते आणि पोर्ट पाहून चालतात. पॉड मात्र मरतो, दुसऱ्याच यंत्रावर नव्याने उभा राहतो आणि नवा पत्ता घेतो. सकाळचा नियम दुपारी भलत्यालाच लागू व्हायचा! म्हणून जुलै २०१६मध्ये १.३ आवृत्तीसोबत बीटा रूपात आलेल्या नेटवर्क पॉलिसीने पत्त्याऐवजी पॉडवरचं लेबल धरलं. ‘बॅकएंड’ लेबलवाल्या पॉडनीच पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर यावं, एवढं लिहिलं की पुरे. त्यांचे पत्ते कितीही बदलोत. २०१७मध्ये १.७ आवृत्तीत पॉलिसी स्थिर झाली आणि त्याच वर्षी १.८मध्ये बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचे नियमही आले.

तिची रचना मुद्दाम साधी ठेवली होती. तिच्यात नकार लिहिताच येत नाही, फक्त परवानगी. एखाद्या पॉडला येणाऱ्या वाहतुकीची एक जरी पॉलिसी लागली, तरी यादीबाहेरच्या साऱ्यांना तिथे प्रवेश बंद. अनेक पॉलिसी असल्या तर परवानग्यांची बेरीज होते, त्यामुळे आधी कोणती आणि नंतर कोणती हा वादच उरत नाही.

तरीही ठेचा लागल्याच. कुबरनेटीस नियम फक्त नोंदवून घेतं. अंमलबजावणी कॅलिको किंवा सिलियमसारख्या प्लगइनने करायची. नुसतं फ्लॅनेल हे प्लगइन असेल, तर पॉलिसी बिनतक्रार स्वीकारली जाते आणि वाहतूक पहिल्यासारखीच सुरू राहते. बाहेर जाणारी सगळी वाहतूक रोखताना ५३ पोर्ट उघडा ठेवायचा राहिला, तर डीएनएस बंद पडतं आणि शेजारच्या सेवेचं नावही सापडत नाही. पॉलिसी ज्यात लिहितात त्या यामलमधली एक आडवी रेघ तर अर्थच पालटते. नेमस्पेस (क्लस्टरचा नावाने वेगळा केलेला भाग) आणि पॉड यांच्या अटी एकाच रेघेखाली असल्या, तर दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. दुसऱ्या अटीआधी आणखी एक रेघ पडली, की कुठलीही एक पुरते.

हे नियम एकेका नेमस्पेसपुरतेच असल्याने पूर्ण क्लस्टर सांभाळणाऱ्यांची अडचण कायम होती. त्यांच्यासाठी कुबरनेटीसच्या नेटवर्क गटाने पुढे ॲडमिन नेटवर्क पॉलिसी आखली. तिच्यात नकार लिहिता येतो आणि प्रत्येक पॉलिसीला अग्रक्रमाचा आकडाही द्यावा लागतो.